‘चोख प्रत्युत्तर’ म्हणजे नेमके काय झाले? युद्धाच्या बातम्यांतले ठरीव शब्द कसे तपासावेत

सीमेवर गोळीबार झाला की दुसऱ्या दिवशीच्या मराठी पेपरचा मथळा पेपर न उघडताही सांगता येतो. ‘पाकची पुन्हा कुरापत, भारताचे चोख प्रत्युत्तर’. अतिरेकी मारले गेले तर त्यांना ‘कंठस्नान’, क्षेपणास्त्राची चाचणी झाली तर शत्रूला ‘धडकी’, पलीकडच्या परराष्ट्र खात्याने निवेदन काढले तर ‘उलट्या बोंबा’ आणि दोन्हीकडचे सैन्य हलले की जगावर ‘युद्धाचे ढग’.

यातले काही खोटेच असते असे नाही. कुरापत खरोखर काढलेली असते, उत्तरही दिलेले असते. पण बातमी वाचून झाल्यावर आपल्याला कळले काय? गोळीबार कोणत्या भागात झाला, कशाने झाला, किती वेळ चालला, कोणाला लागले, हे कोणी सांगितले आणि सांगणारा तिथे होता का? ‘चोख’ वाचले की या सगळ्यांची उत्तरे मिळाल्यासारखे वाटते. विसाव्यांदा वाचले की प्रश्न पडायचेच थांबतात. ठरीव शब्द बहुतेक वेळा एखादा प्रश्न गिळून बसलेला असतो. तो बाहेर कसा काढायचा, एवढ्यापुरताच हा लेख आहे. त्यासाठी पत्रकार असावे लागत नाही. एक वही, रोजची वीसेक मिनिटे आणि थोडी चिकाटी पुरते.

आधी थोडे मानसशास्त्र

पुन्हा पुन्हा ऐकलेली गोष्ट खरी वाटू लागते हे आपल्याला अनुभवाने माहीत असते. १९७७ साली हॅशर, गोल्डस्टीन आणि टोपिनो या अमेरिकी संशोधकांनी ते प्रयोगाने दाखवले. कॉलेजच्या विद्यार्थ्यांना काही विधाने दाखवून ती कितपत खरी वाटतात ते विचारले. दोन-दोन आठवड्यांच्या अंतराने हाच प्रकार तीनदा झाला. काही विधाने दर वेळी तीच होती, बाकीची नवी. परत आलेली विधाने, मग ती खरी असोत वा खोटी, प्रत्येक फेरीत जास्त खरी वाटू लागली. पुढे २०१५ मध्ये लिसा फाझिओ आणि सहकाऱ्यांनी याहून अस्वस्थ करणारी गोष्ट दाखवली. एखाद्या विषयाची बरोबर माहिती असलेल्या माणसावरही पुनरावृत्तीचा हा परिणाम होतो. म्हणजे ‘मी शिकलेला आहे, मला फरक पडत नाही’ हे म्हणणे टिकत नाही.

दुसरा प्रयोग १९७४ चा, एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांचा. मोटारींच्या अपघाताची फिल्म दाखवून काहींना विचारले, गाड्या एकमेकींवर ‘आदळून चक्काचूर झाल्या’ तेव्हा वेग किती होता? काहींना त्याच जागी नुसते ‘धडकल्या’ असे विचारले. आठवड्याने सगळ्यांना एकच प्रश्न केला: फुटलेल्या काचा पाहिल्या का? फिल्ममध्ये काच फुटलेली नव्हतीच. पहिल्या गटातल्या ३२ टक्क्यांना ती ‘आठवली’, दुसऱ्यातल्या १४ टक्क्यांना. क्रियापद बदलले आणि आठवणीत काचा पडल्या. युद्ध तर आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेलेच नसते. तिथे आठवण तयार होते ती पूर्णपणे शब्दांतून.

पायरी १: एकच युद्ध धरा, वही घाला

सगळ्या जगाच्या बातम्या तपासायला गेलात तर चौथ्या दिवशी वही बंद पडेल. एक संघर्ष निवडा: युक्रेन, गाझा, सुदान, आपली ताबारेषा, काहीही. एक मराठी पेपर, एक वृत्तवाहिनी आणि जमल्यास आकाशवाणीच्या प्रादेशिक बातम्या एवढेच बघा. आकाशवाणी मुद्दाम सांगतोय. तिथे दहा मिनिटांत सगळे उरकायचे असल्याने विशेषणांना जागा कमी मिळते. वाहिनीवर अर्धा तास चाललेल्या बातमीत ऐवज किती होता, ते शेजारी ठेवल्यावर चटकन दिसते.

वहीत शब्दप्रयोग जसाच्या तसा उतरवा. तारीख, कुठे आला आणि अवतरणचिन्हांत होता की नाही, हेही लिहा. अवतरणचिन्हांची नोंद फार कामाची आहे. ७ मे २०२५ रोजी ‘ऑपरेशन सिंदूर’ची माहिती देताना सरकारच्या निवेदनातच ही कारवाई नेमकी, मोजूनमापून केलेली आणि तणाव न वाढवणारी असल्याचे म्हटले होते. सरकारने स्वतःच्या कारवाईचे असे वर्णन करण्यात वावगे काही नाही, प्रत्येक सरकार करते. मात्र तीच विशेषणे अवतरणचिन्हे गळून बातमीत आली की ती बातमीदाराची साक्ष होते.

आठवडाभरात वहीत वीस-पंचवीस शब्द जमतील आणि त्यातले निम्मे तरी पहिल्या दोन दिवसांतलेच असतील.

पायरी २: ‘झाले’ की ‘केले’?

मराठीत ही परीक्षा फार सोपी आहे आणि एवढी एकच पायरी केलीत तरी बरेच काम होते. मथळ्यातल्या क्रियापदाकडे बघा. समजा मथळा असा आहे: ‘शहरावर भीषण हल्ला; ४० ठार’. यात हल्ला करणारा नाही. मराठी मथळा क्रियापदच खाऊन टाकतो, त्यामुळे ‘ठार झाले’ की ‘ठार केले’ हेही कळत नाही. आता हेच वाक्य पूर्ण करून वहीत लिहा: ‘अमुक देशाच्या हवाई दलाने अमुक शहरातल्या अमुक वस्तीवर बॉम्ब टाकले. त्यात ४० जण मेले, असे अमुक रुग्णालयाने सांगितले.’ जिथे ‘अमुक’ तसेच राहील तिथे बातमी अपुरी आहे. कधी माहिती खरोखरच मिळालेली नसते. पण बातमीच्या सातव्या परिच्छेदात कर्ता स्पष्ट लिहिलेला आणि मथळ्यात मात्र गायब, असेही बरेचदा आढळते. हे दोन्ही वेगळे लिहून ठेवा.

मग मेलेल्यांसाठीचे शब्द वेगळे काढा. या बाबतीत मराठी श्रीमंत आहे. आपला जवान असेल तर वीरमरण, वीरगती, हुतात्मा, शहीद, धारातीर्थी. नागरिक असेल तर मृत्युमुखी, बळी, प्राण गमावले. समोरचा असेल तर ठार, खात्मा, कंठस्नान, यमसदनी, आणि हल्ली हिंदीतून आलेले ‘ढेर’. साताऱ्या-कोल्हापूरकडच्या एखाद्या गावात जवानाचे पार्थिव येते तेव्हा पेपरने ‘वीरमरण’ लिहावे, यात मला काही गैर वाटत नाही. तो गावाने दिलेला मान आहे आणि तो तसाच वाचावा. सरकारी दफ्तर मात्र वेगळे बोलते. २०१७ मध्ये संरक्षण आणि गृह मंत्रालयाने केंद्रीय माहिती आयोगापुढे सांगितले होते की ‘शहीद’ असा अधिकृत शब्द सैन्यात किंवा पोलिसांत नाही.

मला खरी अडचण वाटते ती मधल्या गटाची. ‘बळी’ आणि ‘मृत्युमुखी पडले’ हे शब्द आपण पुरासाठी वापरतो, दरडीसाठी वापरतो आणि बॉम्बसाठीही तेच. पुराला कर्ता नसतो, बॉम्बला असतो. एकाच युद्धात एका बाजूचे नागरिक ‘मारले’ जात असतील आणि दुसऱ्या बाजूचे ‘मृत्युमुखी’ पडत असतील तर वहीत दोन रकाने करा आणि महिनाभर खुणा करत जा. मग कोणी समजावून सांगायची गरज उरत नाही.

पायरी ३: शब्दाचा जन्मदाखला काढा

प्रत्येक ठरीव शब्द कोणीतरी पहिल्यांदा उच्चारलेला असतो. गुगलवर तो अवतरणचिन्हांत टाका, तारखेची मर्यादा घाला आणि मागे मागे जा. बहुतेक वेळा शेवटी एखादी पत्रकार परिषद, प्रसिद्धिपत्रक किंवा प्रवक्ता सापडतो. पीआयबीची, म्हणजे केंद्र सरकारच्या प्रसिद्धी कार्यालयाची, निवेदने, परराष्ट्र खात्याच्या पत्रकार परिषदांचे शब्दांकन, पाकिस्तानी लष्कराच्या आयएसपीआरची पत्रके, हे सगळे उघडे उपलब्ध आहे. दहा संकेतस्थळांवर हुबेहूब तेच वाक्य दिसले तर दहा साक्षीदार मिळाले असे समजू नका. पीटीआय, एएनआय किंवा रॉयटर्स अशा वृत्तसंस्थेची एकच बातमी दहा ठिकाणी गेलेली असते.

इराकचे उदाहरण इथे सविस्तर बघण्यासारखे आहे. २००२ च्या उत्तरार्धात जगभर एकच शब्दप्रयोग घुमत होता. मराठीत तो ‘महासंहारक अस्त्रे’ असा आला. या एका पिशवीत तीन वेगळ्या गोष्टी कोंबल्या होत्या: अण्वस्त्रे, रासायनिक शस्त्रे आणि जैविक शस्त्रे. सद्दाम हुसेनच्या सैन्याने मार्च १९८८ मध्ये हलब्जा इथे विषारी वायू सोडून हजारो कुर्द मारले होते, हे निर्विवाद सत्य. त्यामुळे ‘त्याच्याकडे महासंहारक अस्त्रे आहेत’ हे वाक्य ऐकणाऱ्याला मुळीच अविश्वसनीय वाटत नव्हते. फक्त त्या पिशवीत रासायनिक शस्त्रांचा खरेपणा अण्वस्त्रांनाही लागला आणि १९८८ चे सत्य २००२ च्या खात्यावर जमा झाले.

आता जन्मदाखला पाहा. ८ सप्टेंबर २००२, रविवार. ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या पहिल्या पानावर बातमी होती की इराक खास प्रकारच्या ॲल्युमिनियमच्या नळ्या मिळवायचा प्रयत्न करतो आहे आणि त्या अणुकार्यक्रमासाठी असाव्यात. माहिती देणारे होते नाव न सांगितलेले सरकारी अधिकारी. त्याच सकाळी उपराष्ट्राध्यक्ष डिक चेनी टीव्हीवर आले आणि त्यांनी त्याच पेपरमधल्या त्याच बातमीचा दाखला दिला. राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार कोंडोलीझा राईस दुसऱ्या वाहिनीवर म्हणाल्या की पुराव्याची वाट बघता बघता तो अणुस्फोटाच्या ढगाच्या रूपाने समोर यायला नको. सरकारी माहिती पेपरमधून वळसा घालून आली आणि सरकारनेच ती स्वतंत्र पुरावा म्हणून दाखवली. ऐकणाऱ्याला वाटले दोघे सांगताहेत, होता एकच.

७ मार्च २००३ रोजी आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचे प्रमुख मोहम्मद अल्बरादेई यांनी सुरक्षा परिषदेत सांगितले की इराकने अणुकार्यक्रम पुन्हा सुरू केल्याचा पुरावा आपल्या तपासणीत मिळालेला नाही. दोन आठवड्यांच्या आत बगदादवर बॉम्ब पडले. २००४ च्या ऑक्टोबरात अमेरिकेच्याच तपास गटाने अहवाल दिला: साठे नव्हते. त्याआधी २६ मे २००४ रोजी ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने संपादकांची टीप छापून आपल्या काही बातम्या हव्या तितक्या काटेकोर नव्हत्या, अशी कबुली दिली होती.

त्याच काळात वॉशिंग्टनमध्ये नाईट रिडर या वृत्तसमूहाचे जोनाथन लँडे आणि वॉरन स्ट्रोबेल शंका घेणाऱ्या बातम्या देत होते. त्यांचा भर होता वरच्या खुर्च्यांपेक्षा मधल्या फळीतल्या अधिकाऱ्यांवर, जे कागद स्वतः हाताळत होते. म्हणून जन्मदाखला काढताना शब्द कोणी उच्चारला याबरोबर त्याने स्वतः काय पाहिले होते, हाही रकाना भरा.

कधी कधी शब्द पत्रकारच देतो. २९ जून १९५० रोजी कोरियातल्या लष्करी कारवाईबद्दल अमेरिकेचे अध्यक्ष ट्रुमन यांना एका बातमीदाराने विचारले, ही संयुक्त राष्ट्रांच्या छत्राखालची ‘पोलीस कारवाई’ म्हणायची का? ट्रुमन म्हणाले, अगदी तेच. पुढच्या तीन वर्षांत त्या पोलीस कारवाईत ३६ हजारांवर अमेरिकी सैनिक मेले, कोरियन आणि चिनी माणसांची गणती तर लाखांत.

पायरी ४: त्याच घटनेला पलीकडचे काय म्हणतात?

‘पोलीस कारवाई’ हा शब्द महाराष्ट्रात आपल्या ओळखीचा आहे. मराठवाड्यातले म्हातारे लोक अजून ‘पोलीस ॲक्शनच्या वेळी’ असे म्हणून वर्षे मोजतात. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य सोलापूरकडून नळदुर्गच्या दिशेने हैदराबाद संस्थानात शिरले. त्यात चिलखती डिव्हिजन होती, रणगाडे होते, वरून विमाने होती. लष्करी कागदांत नाव ‘ऑपरेशन पोलो’. पोलिसांशी याचा संबंध नावापुरता. मग पोलीस कारवाई का म्हणायचे? निजामाने आपले गाऱ्हाणे सुरक्षा परिषदेत नेले होते. ‘युद्ध’ म्हटले तर दोन देश झाले. ‘पोलीस’ म्हटले तर घरातला बंदोबस्त. शब्द निवडण्यामागे मुत्सद्देगिरी होती आणि ती यशस्वी झाली.

रझाकारांनी त्याआधी जो छळ मांडला होता तो मराठवाड्यातल्या घराघरांत आठवणीत आहे. म्हणून १७ सप्टेंबर हा आपल्याकडे ‘मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन’. उर्दूत त्याच घटनेला ‘सुकूत-ए-हैदराबाद’ म्हणतात, म्हणजे हैदराबादचे पतन. आणि पंडित सुंदरलाल यांच्या समितीने १९४८ च्या अखेरीस फिरून सरकारला जो अहवाल दिला त्यात कारवाईदरम्यान आणि नंतर मारल्या गेलेल्यांचा अंदाज २७ ते ४० हजार असा आहे. सर्वाधिक झळ बसलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेड येतात. मारले गेलेले बहुतांश मुसलमान होते. हा अहवाल कित्येक दशके बाहेर आला नाही. आता तीन नावे शेजारी ठेवा. ‘मुक्ती’त रझाकारांचा काळ दिसतो, ‘सुकूत’मध्ये राज्य गेल्याचे दुःख दिसते आणि ‘पोलीस ॲक्शन’मध्ये दोन्ही दिसत नाही. कोरडा शब्द निःपक्ष असतो असे आपण गृहीत धरतो, ते इथे तपासून बघता येते.

डचांनी हाच शब्द इंडोनेशियात दोनदा वापरला, जुलै १९४७ मध्ये आणि पुन्हा डिसेंबर १९४८ मध्ये. लाखभर सैनिक आणि नाव ‘पोलीस कारवाई’. इंडोनेशियाच्या शाळेत तोच धडा ‘डचांचे लष्करी आक्रमण’ म्हणून शिकवतात. फेब्रुवारी २०२२ मध्ये मोठ्या अभ्यासातून डच सैन्याने तिथे पद्धतशीर आणि टोकाची हिंसा केल्याचे पुढे आले, तेव्हा पंतप्रधान मार्क रुटे यांनी माफी मागितली. गोव्याचेही तसेच: आपल्या पुस्तकात १९६१ ची ‘मुक्ती’, पोर्तुगीज पुस्तकात ‘आक्रमण’.

करायचे काय, तर वहीतल्या प्रत्येक महत्त्वाच्या नावापुढे निदान दोन रकाने जोडा: विरोधी बाजूचे नाव आणि तिसऱ्या कोणाचे तरी नाव. रेडक्रॉस किंवा संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांची निवेदने वाचायला कंटाळवाणी असतात, तो कंटाळाच उपयोगी पडतो. हे करताना सगळ्यांची नावे सारखीच खरी किंवा सारखीच खोटी, असा निष्कर्ष काढू नका. रशियाचे उदाहरण घ्या. २४ फेब्रुवारी २०२२ पासून तिथल्या माध्यमांना ‘विशेष लष्करी मोहीम’ असेच म्हणायचे बंधन आले. नियामक संस्थेने ‘युद्ध’ आणि ‘आक्रमण’ हे शब्द वापरू नका असे बजावले, आणि ४ मार्चच्या कायद्याने सैन्याबद्दलच्या ‘खोट्या’ माहितीला १५ वर्षांपर्यंत तुरुंगवास ठेवला. कीव्हपासून माघार झाली तेव्हा ती सदिच्छा ठरली. खारकीवमधली माघार ‘फेरजुळणी’. रशियन बातम्यांत स्फोटालाही स्फोट न म्हणता ‘फट् आवाज’ अशा अर्थाचा शब्द येत राहिला. जिथे दुसरा शब्द वापरल्यावर तुरुंग आहे, तिथल्या शब्दाचे वजन वेगळे धरावे लागते.

पायरी ५: बाजू बदलून वाचा

वाक्यातल्या दोन देशांची नावे अदलाबदल करा आणि मोठ्याने वाचा. वाक्य विचित्र वाटले तर कोणता शब्द खटकतो ते अधोरेखित करा. एवढीच कृती.

१९९९ च्या उन्हाळ्यात पाकिस्तान म्हणत होता की कारगिलच्या शिखरांवर ‘मुजाहिदीन’ आहेत, आपला संबंध नाही. आपल्याकडे ‘घुसखोर’ हा शब्द रूढ झाला. तो चूक नव्हता, पण सुरुवातीला त्यातून डोळ्यांसमोर येत होती अतिरेक्यांची टोळी. वर बसलेले बरेचसे नॉर्दर्न लाइट इन्फन्ट्रीचे, म्हणजे पाकिस्तानच्या सरकारी दलाचे सैनिक होते आणि त्यांना खाली आणायला आपले ५२७ जवान गेले. लढाई संपल्यावर पाकिस्तानने सर्वोच्च शौर्यपदक निशान-ए-हैदर कॅप्टन कर्नल शेर खान (‘कर्नल’ हा त्यांच्या नावाचाच भाग) आणि हवालदार लालक जान या लष्करातल्याच दोघांना दिले. आधी झाकायला एक शब्द आणि मग गौरवायला दुसरा, माणसे तीच.

आगंतुक विशेषणेही या कसोटीवर घासा. गाझातल्या मृतांचा आकडा देताना ‘हमासच्या ताब्यातील आरोग्य मंत्रालय’ असे लिहितात. माहिती म्हणून ते बरोबर आहे. वाचकाला स्रोत कळायलाच हवा. मग दुसऱ्या बाजूच्या लष्करी प्रवक्त्याच्या आकड्यापुढेही असाच इशारा येतो का, ते बघा.

पायरी ६: आकडे आणि ‘सूत्रे’

‘सूत्रांच्या माहितीनुसार’ हा मराठी वाहिन्यांचा प्राणवायू. काही वेळा स्रोत लपवणे खरोखर गरजेचे असते. तरी वहीत एवढे लिहा: सूत्र कोणत्या खात्यातले, हेही सांगितलेले नाही का? आकडा दिला आहे, पण मोजणी कशी झाली ते दिले आहे का?

२६ फेब्रुवारी २०१९ च्या बालाकोट हल्ल्यानंतर परराष्ट्र सचिव विजय गोखले यांनी जे निवेदन वाचले त्यात ठार झालेल्यांचा आकडा नव्हता. ‘मोठ्या संख्येने’ एवढेच होते. मात्र दुपारपर्यंत वाहिन्यांवर ‘३००’ पक्का झाला होता, स्रोत अर्थात सूत्रे. ४ मार्चला हवाई दलप्रमुख बी. एस. धनोआ यांनी सांगितले की हवाई दल माणसे मोजत नाही, लक्ष्याला मारा लागला की नाही एवढेच बघते. आठवडाभर चाललेल्या आकड्यापुढे एका दिवसाच्या खुलाशाचे काय चालणार? आजही गप्पांत ‘तीनशे’ हाच आकडा निघतो.

८ आणि ९ मे २०२५ ची रात्र तर अनेकांना आठवत असेल. कराची बंदर उद्ध्वस्त, पाकिस्तानचे लष्करप्रमुख अटकेत, इस्लामाबाद हातात, असे एकामागून एक ‘ब्रेकिंग’ आले आणि यातले काहीही घडलेले नव्हते. अशा रात्री एक साधा नियम पाळा. दावा एवढा मोठा असेल की खरा असल्यास सकाळी अख्खे जग त्यावर बोलेल, तर सकाळपर्यंत थांबा.

पायरी ७: आवाज आणि चित्रे

शब्दांइतकीच पुनरावृत्ती पार्श्वसंगीताची असते. त्याच मे महिन्यात वाहिन्या कार्यक्रमांत हवाई हल्ल्याचा भोंगा इतका वाजवू लागल्या की नागरी संरक्षण विभागाला तो वाजवू नका असे सांगावे लागले. खरा भोंगा वाजल्यावर लोक उठणार नाहीत ही भीती. बातमी एकदा आवाज बंद करून बघा, एकदा चित्र न बघता ऐका. १९९१ च्या आखाती युद्धात विमानांवरच्या आणि काही बॉम्बवरच्या कॅमेऱ्यांतून खिडकीत नेमके शिरणारे ‘स्मार्ट बॉम्ब’ जगाने रोज पाहिले. प्रत्यक्षात टाकलेल्या बॉम्बमध्ये असे मार्गदर्शित बॉम्ब दहा टक्क्यांहूनही कमी होते. उरलेल्यांची अशी चित्रे रोज दिसली नाहीत.

जरा थांबून: संशयाची सवय जडू देऊ नका

ही वही महिनाभर चालवली की एक धोका असतो. सगळेच प्रचार वाटू लागते. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश पेपरांनी १९१७ मध्ये छापले की जर्मन लोक सैनिकांच्या प्रेतांपासून चरबी काढण्याचा कारखाना चालवतात. १९२५ मध्ये ब्रिटिश सरकारने संसदेत ती गोष्ट निराधार असल्याचे मान्य केले. पण बेल्जियममध्ये जर्मन सैन्याने १९१४ साली हजारो नागरिक खरोखर गोळ्या घालून मारले होते, लूव्हेनचे ग्रंथालय खरोखर जाळले होते. खोट्या कारखान्याने खऱ्या प्रेतांवरचा विश्वासही घालवला, आणि दुसऱ्या महायुद्धात ज्यूंच्या संहाराच्या बातम्या येऊ लागल्या तेव्हा अनेकांनी ‘पुन्हा तीच कारखान्याची गोष्ट’ म्हणून त्या झटकल्या, असे बऱ्याच इतिहासकारांचे म्हणणे आहे. म्हणून वहीत ‘खोटे’ असा रकाना ठेवूच नका. ‘कळले’, ‘कळले नाही’ आणि ‘कोणी सांगितले’ हे तीन पुरेत.

पायरी ८: सहा महिन्यांनी वही उघडा

ही पायरी जवळजवळ कोणीच करत नाही. मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये आठवण लावा. त्या दिवशी प्रत्येक ठरीव शब्दापुढे आज काय माहीत आहे ते लिहा. ऑनलाइन मथळे गुपचूप बदलतात, त्यामुळे सुरुवातीलाच स्क्रीनशॉट घ्या किंवा पान वेबॅक मशीनवर साठवून ठेवा.

उशिराने आलेले सत्य किती तोकडे पडते याचा अंदाज यावरून करा: ऑगस्ट २००३ मधल्या ‘वॉशिंग्टन पोस्ट’च्या पाहणीत ६९ टक्के अमेरिकनांना वाटत होते की ११ सप्टेंबरच्या हल्ल्यात सद्दामचा स्वतःचा हात असण्याची शक्यता आहे. तसा पुरावा नव्हता. त्याआधीच्या वर्षभरात अमेरिकी नेत्यांच्या भाषणांमध्ये ‘सद्दाम’ आणि ‘११ सप्टेंबर’ शेजारी शेजारी येत राहिले होते. दोघांना जोडणारे वाक्य ऐकणाऱ्यानेच तयार केले.

पायरी ९: लिहा, पण नेमके लिहा

कुटुंबाच्या ग्रुपवर ‘हे सगळे खोटे आहे’ असे टाकलेत तर भांडण होईल आणि काका ग्रुप सोडतील. त्यापेक्षा एकच प्रश्न टाका: ‘हा आकडा कोणी दिला, कुठे सापडेल?’ मोठ्यांना विचारताना ‘काका, मूळ बातमीची लिंक असेल तर पाठवाल का?’ एवढे पुरते. लिंक आली तर छानच. नाही आली तरी फॉरवर्डची साखळी तिथे थोडी अडखळते.

पेपरला लिहिताना ‘तुमचा पेपर पक्षपाती आहे’ असे लिहू नका. उपसंपादक ते वाचून बाजूला ठेवतो. रात्री साडेअकराला चार स्तंभांत बसेल असा मथळा शोधताना त्याच्या हाताशी ‘चोख प्रत्युत्तर’ असते, एवढेच बहुतेकदा कारण असते. तारीख, पान, मथळा, बातमीतले नेमके वाक्य आणि त्यात कोणती माहिती नाही हे लिहा. आधी संपादकांना पत्र द्यावे लागते. समाधान झाले नाही तर दैनिकाविरुद्ध प्रसिद्धीपासून दोन महिन्यांच्या आत भारतीय वृत्तपत्र परिषदेकडे तक्रार करता येते. वाहिनीबाबत २०२१ च्या केबल टीव्ही नियमांनुसार आधी वाहिनीकडेच लेखी तक्रार करायची. तिने २४ तासांत पोच द्यायची असते आणि १५ दिवसांत निर्णय. तो पटला नाही तर वाहिन्यांच्या स्वयंनियमन संस्थेकडे दाद मागता येते. तक्रारीला कार्यक्रमाची तारीख, वेळ आणि शक्य असल्यास चित्रफीत जोडा. वहीतली ती ओळ तुम्ही आधीच लिहून ठेवलेली असेल.